वडील दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर असतात, तेव्हा ते नेमकं काय करत असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडील 74 वर्षांचे. आई गेल्यापासून डोंबिवलीच्या घरी एकटेच राहतात, तुम्ही बंगळूरुला. पहाटे साडेपाचला त्यांचा 'सुप्रभात' येतो, दुपारपर्यंत दहा-बारा फॉरवर्ड, त्यात एखादा धडधडीत खोटा. नातवंडांनी घरचा ग्रुप म्यूट करून टाकलाय. हे व्यसन आहे का, आणि ते कमी कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये मोबाईल शिकवते. वर्गाला येणारी मंडळी साठीपासून पंच्याऐंशीपर्यंतची. त्यांच्या फोनमध्ये डोकावायची संधी मला रोज मिळते, तीही त्यांच्याच आग्रहानं : 'बाई, हे जरा बघा, पाठवलं पण गेलंच नाही.' त्या अनुभवावरून सांगते की तुम्ही वर्णन केलंत ते बहुतेक घरांत व्यसन नसतं. कमी करायच्या मागे लागण्याआधी बाबा त्या फोनवर कोणाशी आणि काय बोलतात ते एकदा नीट समजून घ्या. कदाचित कमी करावंसं वाटणारच नाही.

पहिलं कारण भीड, आणि माझ्या मते सगळ्यात मोठंही तेच. या पिढीच्या मनात फोन म्हणजे तातडीचं काम. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिलेली, रात्री दर उतरले की एसटीडी बूथवर रांग लावलेली, मशीनवर पळणाऱ्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून दोन मिनिटांत खुशाली आटोपलेली ही माणसं. अवेळी फोन वाजला की घरात सगळ्यांच्या काळजात धस्स व्हायचं. ती सवय अंगात मुरलेली आहे. आज कॉलला पैसे पडत नाहीत, तरी 'तो मीटिंगमध्ये असेल', 'सूनबाई आत्ताच दमून आली असेल', 'मुलांचा अभ्यास चालू असेल' असं मनात येत राहतं आणि हातात घेतलेला फोन परत टेबलावर जातो. मेसेजमध्ये कोणाला उठवावं लागत नाही. लिहून ठेवायचं, ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा तो बघेल. मुलगा न्यू जर्सीला असेल तर वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहा तासांचा. तिथे तर मेसेजशिवाय दिवसाकाठी एक शब्दही होणार नाही.

शिवाय ही पत्रं लिहिणारी पिढी आहे, हे आपण विसरतो. वर्गातल्या एका आजींनी नातवाला पाठवलेला मेसेज मला दाखवला होता. 'चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. काल पुरणपोळ्या केल्या, तुझी आठवण झाली. गुडघा आता बरा आहे. वेळ मिळेल तसे उत्तर पाठवणे. तुझी आजी.' वर नाव आणि फोटो दिसत असूनही खाली 'तुझी आजी' लिहिल्याशिवाय त्यांचा मेसेज पुरा होत नाही. एवढा मजकूर त्यांनी बोटानं स्क्रीनवर एकेक अक्षर गिरवून लिहिला होता, त्यात जवळजवळ पाऊण तास गेला. उत्तर आलं, 'ओके आजी'. आजींना वाईट वाटलं नाही, मला वाटलं. नातवाला कोणी सांगितलं असतं की हा मेसेज म्हणजे पत्र आहे, तर त्यानं नक्की चार ओळी जास्त लिहिल्या असत्या.

मेसेज वाचला गेला की दिसणाऱ्या निळ्या खुणांचंही तसंच. नोव्हेंबर 2014 मध्ये त्या आल्या तेव्हा तरुण मंडळी वैतागली, कारण त्यांना ती पाळत वाटली. आईवडिलांना ती पोचपावती वाटते. उत्तर आलं नाही तरी चालतं, 'वाचलंय ना, मग ठीक आहे' एवढ्यावर ते समाधानी असतात. 'लास्ट सीन'चा वापर तर फार हळवा आहे. मुलगा रात्री पावणेतीनला ऑनलाइन होता हे आईला सकाळी दिसतं. ती त्याला काही विचारत नाही, फक्त लिहिते, 'झोप पुरी होते ना?' ऑफिसच्या लोकांपासून लास्ट सीन लपवायचा असेल तर जरूर लपवा, पण सेटिंग्जमध्ये ठरावीक माणसं वगळायची सोय आहे ती वापरा. सरसकट बंद केलंत तर घरच्यांचीही ती खिडकी बंद होते.

आता त्या 'सुप्रभात'कडे येऊ, कारण सगळ्यात जास्त राग त्याचाच असतो. जानेवारी 2018 मध्ये बातमी आली होती की भारतात एवढ्या लोकांचे फोन का अडकतात याचा शोध गुगलच्या लोकांनी घेतला, तेव्हा कारण निघालं ते सकाळच्या शुभेच्छांचे फोटो. ते शोधून पुसून टाकायची सोय त्यांनी आपल्या फाइल्सच्या अ‍ॅपमध्ये केली. साठवणीची अडचण खरी आहे आणि तिचा उपाय पुढे सांगते. पण त्या फुलांच्या, गणपतीच्या, सूर्योदयाच्या चित्रात वाचायचं काहीच नसतं, पाठवणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. ती हजेरी असते. 'मी उठलो, मी ठीक आहे, तू आहेस ना?' एवढाच मजकूर. आमच्या एका ग्रुपमध्ये एकटी राहणारी बरीच माणसं आहेत. तिथे न लिहिलेला नियम असा पडलाय की सकाळी दहापर्यंत कोणाचा नमस्कार दिसला नाही तर जवळ राहणारा जाऊन बेल वाजवतो. एकदा त्यामुळे न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या काकूंपर्यंत वेळेत पोचता आलं. तुमच्या बाबांचा साडेपाचचा मेसेज उद्या आला नाही तर सहा वाजता तुम्हाला काय वाटेल, हा विचार करून बघा. तो मेसेज तुमचं एक काम रोज बिनबोभाट करतोय.

आमच्या भागातल्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाहीत. ज्यांनी उमेदीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, ते आता गुडघ्यांमुळे आठवड्यातून दोनदाच खाली उतरतात. पावसाळ्यात तेही नाही. कट्टा सुटतो, हास्यक्लब सुटतो, भजनी मंडळ सुटतं. पण कट्ट्याचा ग्रुप सुटत नाही. भजनी मंडळाच्या बायका आपापल्या घरातून हरिपाठाचे अभंग रेकॉर्ड करून टाकतात, निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर रोजच्या पेपरातलं शब्दकोडं सामुदायिक सुटतं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि त्याच नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. या दोन गोष्टींनी घराबाहेर न पडणाऱ्या माणसाचं जग किती बदललं, हे धडधाकट माणसाला सहज लक्षात येत नाही. मार्च 2020 च्या टाळेबंदीत उरलेली मंडळीही फोनकडे वळली आणि नंतर तिथेच राहिली, कारण त्यांना हरवलेली माणसं सापडली होती.

हरवलेली माणसं म्हणजे कोण, तेही सांगते. मुंबईत जन्म घालवलेल्या कोकणी चाकरमान्याचा गावच्या वाडीचा ग्रुप असतो. शिमग्याला पालखी कोणत्या दिवशी कुठल्या घरी, देवळाच्या दुरुस्तीचा हिशेब, वहाळाला पाणी किती आलं, कोणाच्या कलमांना मोहोर धरला. आता प्रवास झेपत नसला तरी माणूस गावातच असतो. गिरणीत, बँकेत, टेलिफोन खात्यात बरोबर काम केलेल्यांचे ग्रुप असतात. 1965 साली सातवीत एका बाकावर बसलेल्या मैत्रिणी, ज्यांची लग्नानंतर आडनावं बदलली आणि गावं बदलली, त्या पन्नास वर्षांनी एकमेकींना ग्रुपवर भेटतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी मांडलंय की पुढचा काळ थोडा उरलाय असं जाणवू लागलं की माणूस नव्या ओळखी वाढवण्यापेक्षा जुन्या, जिव्हाळ्याच्या माणसांकडे वळतो. माझ्या वर्गात हे रोज दिसतं. फेसबुकवर नवे मित्र जोडायचा उत्साह फारसा कोणाला नसतो, पण जुन्या मैत्रिणीचा नंबर मिळवायला चार ठिकाणी चौकशी करतील.

आणि निधनाच्या बातम्या. पूर्वी अशी बातमी कार्डावर यायची आणि वाचून झाल्यावर ते कार्ड फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. फारच जवळचं असेल तर तार. ती तारसेवाही जुलै 2013 मध्ये बंद झाली. आता बातमी सकाळी ग्रुपवर येते, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून तेही त्यातच असतं. सत्तरीनंतर या बातम्या सारख्या येऊ लागतात आणि बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष जाणं जमत नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन शब्द आपल्याला साचेबद्ध वाटतात, पण ज्याला स्मशानापर्यंत जाता येत नाही त्याच्यासाठी निरोप द्यायची तीच जागा उरलेली असते. तुमचे बाबा आता ज्या वयात आहेत तिथे त्यांचा फोन रोज कोणाच्या ना कोणाच्या जाण्याची बातमी घेऊन येत असणार. ते त्याबद्दल तुमच्याशी बोलतात का?

शरीराची कारणं लोक धरतच नाहीत, पण ती मोठी आहेत. वयाबरोबर ऐकू कमी येतं ते आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज. म्हणजे बोलणं ऐकू येतं, पण स, श, त, फ अशी व्यंजनं निसटतात आणि वाक्याचा अर्थ लागत नाही. फोनवर ओठही दिसत नाहीत. मग माणूस 'हो हो' म्हणत राहतो आणि हळूहळू फोन टाळायला लागतो. 'बाबा फोनवर बोलतच नाहीत, मेसेज मात्र करतात' अशी तक्रार असेल तर आधी कान तपासून घ्या. लिहिलेला मेसेज परत वाचता येतो, अक्षर मोठं करता येतं. व्हॉइस मेसेज ऑगस्ट 2013 पासून आहे, तो कानाशी धरून चार वेळा ऐकता येतो. लिहायला मात्र त्रास होतो. बोटांची त्वचा कोरडी पडते, त्यामुळे स्क्रीन स्पर्श नीट घेत नाही. हात थोडा थरथरला की टॅपच्या जागी लाँग प्रेस होतं आणि भलतंच काही उघडतं. म्हणून फॉरवर्ड करणं सोपं पडतं : दोन टॅप आणि काम झालं. स्वतःचं लिहायला येत नाही म्हणून दुसऱ्याचं पाठवणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कीबोर्डवरचा माइक दाखवला, मराठीत बोललं की मराठीत उमटतं हे कळलं (गुगलनं ही सोय मराठीसाठी 2017 मध्ये आणली), की फॉरवर्ड आपोआप घटतात आणि आठवणी, पाककृती, तब्येतीच्या गोष्टी यायला लागतात. तुम्हाला काही कमी करायचंच असेल तर सुरुवात इथून करा. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा एक दुपार बाबांना बोलून लिहायला शिकवा.

फॉरवर्डमागे आणखी एक भावना असते, ती म्हणजे काहीतरी द्यायची. निवृत्तीनंतर घरात आपल्याकडून कोणी काही मागत नाही. सल्लाही मागत नाही. मग 'मधुमेहावर हे करून बघ', 'अमुक योजनेचा फॉर्म भर' ही त्यांची देणगी होते. आणि त्यातलं बरंच खरंही निघतं, हे लक्षात घ्या. ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, ही बातमी आमच्याकडे बहुतेकांना आधी ग्रुपवरच कळली. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून देता येतो, हेही पेन्शनरांच्या ग्रुपनंच शिकवलं. दहातल्या सहा गोष्टी उपयोगी निघाल्या की उरलेल्या चारांवरही विश्वास बसतो. त्यात ही माणसं छापील शब्दावर वाढलेली. पेपरात आलं म्हणजे कोणीतरी तपासलेलं असणार, आकाशवाणीवर सांगितलं म्हणजे खरं. फोनवरचं अक्षरही त्यांना छापीलच दिसतं. आणि पाठवणारा ओळखीचा, कधी निवृत्त मुख्याध्यापक, कधी डॉक्टर. मजकूर कोणी लिहिला हे न बघता तो कोणाकडून आला ते बघितलं जातं.

याचे परिणाम गंभीर होऊ शकतात, ते मी हलकं करून सांगणार नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठेचून मारलं. त्या महिन्यात देशभर अशाच अफवा फिरत होत्या, आणि त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 पासून फार फिरलेला मेसेज, ज्यावर दुहेरी बाण दिसतो, तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अफवा पसरवणं हा म्हाताऱ्यांचाच दोष आहे असं मात्र नाही. अमेरिकेत 2016 च्या निवडणुकीच्या काळातल्या फेसबुक वापराचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 65 वर्षांवरच्यांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोटे दुवे पुढे पाठवले होते, हे त्यातलं वाक्य सगळीकडे गाजलं. पण त्याच अभ्यासात ज्येष्ठांमधल्याही बहुसंख्यांनी असा एकही दुवा पाठवला नव्हता. थोडी माणसं खूप पाठवतात.

तुमचे बाबा त्या थोड्यांतले असतील तर घरच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर 'हे खोटं आहे बाबा' असं लिहू नका. ग्रुपमध्ये जावई असतो, व्याही असतात. चारचौघांत पाणउतारा झाला की माणूस एकतर गप्प होतो, नाहीतर हट्टाला पेटतो. त्यांना वेगळा फोन करा. 'बाबा, हे मी तपासलं, चुकीचं निघालं, तुम्ही ग्रुपवर कळवाल का?' असं विचारा. दुरुस्ती त्यांच्या हातून झाली तर त्यांचा मान राहतो आणि पुढच्या वेळी दुहेरी बाण दिसला की ते आधी तुम्हाला विचारतात. वर्गात मी एकच सवय लावते : आजार, पैसे, धर्म किंवा मुलं यांच्याबद्दल घाबरवणारं काही आलं तर ते रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी चहानंतर ठरवायचं. निम्म्याहून जास्त मेसेज सकाळी पाठवावेसेच वाटत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती फसवणुकीची, आणि एकटं राहणाऱ्या माणसाची जास्त. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कोणाशी बोलायचं नाही' असं सांगतात. कायद्यात डिजिटल अरेस्ट असा काही प्रकारच नाही. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल येते, ती उघडून बसवली की फोनचा ताबा जातो. ओळखीच्याच नंबरवरून 'चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड आलाय, तो पाठवा' असा मेसेज येतो आणि अकाउंट हातातून जातं. बाबांच्या फोनवर तीन गोष्टी तुम्ही स्वतः करून द्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे त्या कोडशिवाय आपला आणखी एक पिन मागणारी सोय, चालू करा आणि तो पिन त्यांच्या डायरीत लिहा. अनोळखी नंबरचे कॉल गप्प करायची सोय, सायलेन्स अननोन कॉलर्स, ती चालू करा. आणि ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे 'माय काँटॅक्ट्स' निवडा. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक मोठ्या अक्षरात फोनजवळ भिंतीवर चिकटवा. पैसे गेल्यावर पहिले काही तास फार मोलाचे असतात, पण नेमके तेच तास माणूस लाजेखातर गप्प बसतो. म्हणून आजच सांगून ठेवा की काहीही झालं तरी आधी मला सांगायचं, मी रागावणार नाही. आणि खरोखर रागावू नका.

व्यसन कधी म्हणायचं, हेही तुम्ही विचारलंत. रात्री दोनपर्यंत फोन आणि दुपारी झोप, जेवणाच्या वेळा चुकणं, दारात आलेल्या माणसाकडे दुर्लक्ष, ग्रुपवरच्या भांडणानं रक्तदाब वाढणं, हे दिसलं तर बोलायला हवं. एकच मेसेज त्याच माणसाला दिवसातून चार-पाचदा जात असेल, किंवा नेहमी नीट लिहिणारा माणूस अचानक वाक्यं अर्धवट सोडू लागला असेल, तर फोन काढून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. स्मरणशक्तीच्या तक्रारी घरच्यांना कधीकधी मेसेजमध्येच आधी दिसतात. तुम्ही लिहिलंत त्यात यातलं काही नाही. त्यात मला दिसतो तो पत्नी गेल्यावर पहाटे साडेपाचला चहा एकट्यानं घेणारा माणूस. त्या वेळी बोलायला समोर कोणी नसतं, म्हणून तो फोन उचलतो.

नातवंडांनी घरचा ग्रुप म्यूट केला तर करू दे, पंधरा माणसांच्या ग्रुपचा सगळ्यांना कंटाळा येतोच. पण आजोबांची वेगळी चॅट म्यूट नको. तिथे आठवड्यातून दोन-तीनदा अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पुरतो, फक्त त्यात प्रश्न असू द्या आणि तो असा की ज्याचं उत्तर त्यांनाच माहीत आहे. आजी आमटीत काय घालायची, तुमची पहिली नोकरी कुठे लागली, लोकलचा पास तेव्हा किती रुपयांचा होता. 'कसे आहात'ला 'मजेत' एवढंच उत्तर येतं. असल्या प्रश्नाला तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग येतं, ते जपून ठेवा. फोन अडकत असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटामध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओचं ऑटो-डाउनलोड बंद करा, म्हणजे सुप्रभातची फुलं दिसतील पण साठणार नाहीत. जुने फोटो पुसताना मात्र ते बाबांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून पुसा. त्या ढिगातच आईंचे काही फोटो असतील.